बांडगूळ कुणाला म्हणावं?

देवराईला लागून आमचा एक जुना फणस आहे. त्याच्या खोडावर राखाडी-पांढरे चट्टे, त्यावर काळ्या वाकड्यातिकड्या रेघा. जणू कुणी मोडी लिहून ठेवलंय. मला वाटलं, झाडाला रोग लागला. कोयता घेऊन खरवडायला गेलो, तर भावाची लेक आडवी आली. ती कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकते.

"आप्पा, रोग नव्हे हा. ग्राफिस आहे. मसाल्यातल्या दगडफुलाच्या भावकीतलं."

ग्रीक भाषेत लिहिण्याला जो शब्द आहे, त्यावरून हे नाव पडलं म्हणे. ही एकटी वनस्पतीही नव्हे, बुरशी आणि शेवाळाचा मिळून संसार. बुरशी आसरा देते, शेवाळ उन्हावर अन्न करतं. त्या काळ्या रेघांत बुरशीचं बी तयार होतं. झाडाचा रस ती ओढत नाही, सालीवर नुसती बसते. 1867 साली श्वेन्डेनर नावाच्या स्विस शास्त्रज्ञानं हे दोन जीव असल्याचं मांडलं, ते पुष्कळांना पटलं नाही. त्यानं स्वतः बुरशीला मालक आणि शेवाळाला गुलाम ठरवलं होतं. म्हणजे कोण कुणाच्या जिवावर जगतं, हा तंटा तिथंही आहेच.

"मग बांडगूळ?" मी विचारलं.

"ते झाडात मुळी घुसवून रस पितं. हे तसलं नव्हे."

माझा हात खाली आला. कारण तो शब्द मी एकदा माणसाला वापरला होता. आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. वाटणीच्या वेळी मी रागानं म्हणालो, "हे बांडगूळ कुणाच्या वाट्याला?" ती चुलीपाशीच होती. काही बोलली नाही. पहाटे उठून रोजच्यासारखं शेण काढलं.

त्या दिवशी फणसाखाली मी मनाशी हिशेब मांडला. तिनं आमची पोरं वाढवली, गोठा सांभाळला, म्हणजे ती बांडगूळ नव्हती. बरं वाटलं. पण घरी येईस्तोवर ते बरं वाटणं टिकलं नाही. शेवटची दोन वर्षं ती अंथरुणाला खिळून होती. तेव्हा तिनं काय दिलं? काहीच नाही. मग त्या दोन वर्षांपुरता माझा शब्द खरा धरायचा का?

माणसानं आधी उपयोग दाखवावा आणि मगच घरात जागा मिळावी, हा हिशेबच खोटा. तो मांडणारा मी कोण? घर आज्जानं बांधलेलं. आत्या तिथं माझ्या आधी जन्मली होती.

फणस खरवडला नाही. आत्याची माफी मागायची मात्र राहूनच गेली.