वाघाच्या वाटेवरची देवळे

गोंदियाला येणारा परगावचा पर्यटक बहुतेक वेळा वाघासाठी आलेला असतो. त्याचे बुकिंग आधीच झालेले असते, जिप्सी ठरलेली असते, पहाटे नागझिऱ्याचे कोणते गेट गाठायचे हेही ठरलेले असते. शहरात त्याला हवी असते एक रात्र, गरम पाण्याची खोली आणि लवकर मिळणारा चहा. नवेगाव-नागझिरा हा २०१३ च्या डिसेंबरात राज्यातला पाचवा व्याघ्र प्रकल्प झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेल्या बिरसीच्या धावपट्टीवरून २०२२ मध्ये प्रवासी विमान उडाले. तेव्हापासून जिल्ह्याच्या पर्यटनाची चर्चा निघाली की ती जंगलाकडेच वळते. शहराच्या दुसऱ्या अंगाला, बालाघाटच्या रस्त्यावर पाचेक किलोमीटर गेले की नागरा लागते. तिथे जुने दगडी शिवमंदिर आहे आणि महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. वाघासाठी आलेला माणूस तिकडे जात नाही, आणि त्याला तिकडे पाठवावे असे हॉटेलवाल्याच्याही मनात येत नाही.

ऐतिहासिक शहरे आणि पर्यटन असा विषय निघाला की जगभर आजकाल एकच गाऱ्हाणे ऐकू येते: माणसे फार झाली. व्हेनिसने २५ एप्रिल २०२४ पासून, गर्दीच्या ठराविक दिवशी, एका दिवसासाठी येणाऱ्याकडून पाच युरो घ्यायला सुरुवात केली. त्या शहराच्या जुन्या भागात १९५१ च्या सुमारास पावणेदोन लाख माणसे राहत होती, आता पन्नास हजारही राहत नाहीत. घरे पाहुण्यांना भाड्याने गेली आणि घरचे लोक खाडीपलीकडे राहायला गेले. हे सगळे खरे आहे, पण पूर्व विदर्भात बसून ते वाचताना थोडे हसूही येते. आमच्याकडे जुन्या वास्तूंना पर्यटकांनी तुडवले अशी तक्रार करायची वेळ अजून आलेली नाही. आमच्या गावांना पर्यटक ओलांडून जातो. तरीही हा माणूस कधीतरी येईल या आशेवर आपण त्या गावांत जी बांधकामे करतो, ती मला त्याच्या न येण्यापेक्षा जास्त घातक वाटतात.

ओलांडून जाणे म्हणजे काय ते पवनीला कळते. वैनगंगेच्या काठचे हे भंडारा जिल्ह्यातले गाव जुन्या मातीच्या तटाच्या आत वसलेले आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी त्याचा अहवाल लिहिला. जगन्नाथाच्या देवळाखालच्या टेकडीत स्तूप निघाला, कोरीव कठड्याचे खांब निघाले, ब्राह्मी लेख निघाले. दोन हजार वर्षांपूर्वी इथे बौद्ध उपासक दान देत होते, खांबावर आपली नावे कोरून ठेवत होते. विदर्भाच्या नागरी इतिहासात पवनीइतकी भक्कम साक्ष देणारी ठिकाणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. आज पुण्या-मुंबईच्या माणसाला पवनी हे नाव माहीत असलेच तर ते उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यामुळे, आणि त्यातही ‘जय’ नावाच्या वाघामुळे, जो २०१६ मध्ये दिसेनासा झाला. वाघ गेला तरी त्याचे नाव राहिले. स्तूप सापडला तेव्हापासून तो तिथेच आहे, पण त्याच्या नावाने कोणी गाडी थांबवत नाही.

चंद्रपूरची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. गोंड राजांनी बांधलेला या शहराचा परकोट सुमारे अकरा किलोमीटरचा आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे, शिवाय खिडक्या. ताडोब्याला जाणारे हजारो लोक वर्षानुवर्षे याच शहरातून पुढे गेले, त्यातल्या फार थोड्यांनी मान वर करून तट पाहिला. त्यांचेही चुकले म्हणता येत नाही. तटावर झाडे-झुडपे माजली होती, पायथ्याशी कचरा होता, आणि खुद्द चंद्रपूरकरांसाठी जटपुरा गेट ही गाड्या अडकण्याची जागा होती. १ मार्च २०१७ पासून बंडू धोतरे यांच्या ‘इको-प्रो’ संस्थेच्या तरुणांनी रोज सकाळी तट साफ करायला घेतला. शेकडो दिवस ते काम चालले. पुढे रविवारी सकाळी तटावरून शहरातल्याच लोकांना फिरवून आणण्याची प्रथा पडली. यातला क्रम पाहण्यासारखा आहे. तट साफ झाला तेव्हा तो पाहायला पहिल्यांदा आले ते चंद्रपूरचे लोक. ज्यांच्या घरामागे तो चारपाचशे वर्षे उभा होता, त्यांना तो नव्याने दिसला. बाहेरच्यांची दखल, पंतप्रधानांच्या रेडिओवरच्या उल्लेखापर्यंत, नंतर आली.

नागऱ्याकडे मी याच नजरेने पाहतो. तिथल्या देवळाला लोक हेमाडपंती म्हणतात. विदर्भात चुन्याशिवाय रचलेले कोणतेही जुने दगडी देऊळ हेमाडपंतीच असते, मग ते यादवांच्या त्या प्रधानाच्या आधीचे असो की नंतरचे. त्या वादात आत्ता पडण्याचे कारण नाही. महत्त्वाचे हे की या देवळाला माणसांची ददात कधीच नव्हती. गोंदिया शहरातून, आजूबाजूच्या खेड्यांतून, बालाघाटकडून लोक येतात. मराठी, हिंदी, पोवारी असे सगळे बोलणे यात्रेत कानावर पडते. महादेवाला जाणाऱ्यांचे पोहे, म्हणजे जथे, या मुलखाला नवे नाहीत. त्रिशूळ खांद्यावर घेऊन गाणी म्हणत पचमढीला, याच जिल्ह्यातल्या प्रतापगडला जाणारी माणसे इथल्या शिवरात्रीचा भाग आहेत. त्याच प्रतापगडला महादेवाशेजारी ख्वाजा उस्मान हारूनी यांचा दर्गा आहे आणि लोक दोन्हीकडे जातात. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहांकडे माघ पौर्णिमेला देशभरातले गोंड बांधव येतात. आणि भंडारा-गोंदियाच्या गावागावांत दरवर्षी मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते. दिवसा दंडार, रात्री नाटक, आणि प्रत्येक घरात पाहुणे.

हा सगळा प्रवासच आहे. पण पर्यटनाच्या आकडेवारीत तो येत नाही, कारण ही माणसे हॉटेलात उतरत नाहीत. ती बहिणीकडे, मामाकडे, सोयऱ्याकडे उतरतात. मंडईला माहेरी आलेली मुलगी आणि तिचा नवरा यांची नोंद कुठल्या रजिस्टरमध्ये करायची? खर्च तर ती दोघेही करतात. मुलांना पाळण्यात बसवतात, बांगड्या घेतात, नाटकाचे तिकीट काढतात. झाडीपट्टीची, म्हणजे या पूर्व विदर्भाची, रंगभूमी याच पाहुण्यांच्या पैशावर उभी आहे. हा प्रवासी हिशेबात नसल्यामुळे त्याच्यासाठी काही करायचे असते हेही कोणाच्या लक्षात येत नाही. आराखडे होतात ते अजून न आलेल्या पाहुण्यासाठी.

आता त्या आराखड्यांबद्दल. आपल्याकडे तीर्थक्षेत्रांचे अ, ब, क असे वर्ग आहेत आणि वरच्या वर्गात जायचे तर भाविकांची संख्या दाखवावी लागते. वर्ग मिळाला की निधी येतो, आणि निधी ठरलेल्या रूपात येतो: सभामंडप, भक्तनिवास, सिमेंटची कमान, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवा. यातले काहीच मुळात वाईट नाही. शिवरात्रीला रांगेत उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईला सावली हवी, पाणी हवे, स्वच्छतागृह हवे, आणि ते जवळ हवे. पण हे सगळे देवळाला चिकटून उभे राहते. जुन्या दगडी देवळाचा पाया जमिनीतला ओलावा घेतो आणि भिंतींच्या सांध्यांतून, दगडातून तो बाहेर टाकतो. भोवताली सिमेंटचा कोबा घातला, पेव्हर बसवून त्याचा उतार देवळाकडे आला, की पावसाचे पाणी पायाशी मुरते. त्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. मग ते भिंतीतून वर चढते, बरोबर क्षार आणते, आणि दगडाचा पापुद्रा सुटू लागतो. आतून ऑइल पेंट मारला असेल तर रंगाच्या आड दगड भुसभुशीत होत जातो आणि वरून मात्र सगळे चकचकीत दिसते. धानाच्या मुलखात पाऊस कमी नाही. इथे एका चुकीच्या उताराचा परिणाम दिसायला फार वर्षे लागत नाहीत.

टाइल्सचेही तेच. पूर्व विदर्भातल्या कितीतरी जुन्या देवळांचे गाभारे स्वयंपाकघरासारख्या पांढऱ्या टाइल्सनी मढवलेले आहेत. वारसाप्रेमी मंडळी हे पाहून संतापतात आणि गावकऱ्यांना अडाणी ठरवतात. मला तो संताप पटत नाही. टाइल बसवणाऱ्याचा नवस फळलेला असतो. मुलगा नोकरीला लागलेला असतो, आईचे ऑपरेशन नीट झालेले असते. देवाला स्वच्छ, धुता येईल अशी जागा द्यावी असे त्याला वाटते आणि त्या टाइलवर तो आपल्या वडिलांचे नाव घालतो. पवनीच्या खांबांवर दोन हजार वर्षांपूर्वी उपासकांनी हेच केले होते. फरक एवढाच की त्या काळी दान द्यायचे तर दगडच द्यावा लागे. दानाची इच्छा जुनीच आहे. आज दुकानात मिळते ती वस्तू तेवढी दगडाला मानवत नाही.

सरकारी सुशोभीकरणाला मात्र ही सबब लागू पडत नाही. कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळातले मणिकर्णिका कुंड कित्येक वर्षे बुजवलेले होते आणि भाविकांच्या सोयीचे म्हणून त्यावर जे काही उभे राहिले त्यात स्वच्छतागृहही होते. अलीकडे ते सगळे हटवून कुंड पुन्हा खणून काढावे लागले. पंढरपुरात कॉरिडॉरचा प्रस्ताव आला तेव्हा देवळाभोवती पिढ्यान्‌पिढ्या राहणारी, वारकऱ्यांना घरात उतरवून घेणारी माणसे रस्त्यावर आली. तिथले जुने वाडे ही अडचण आहे की तेच पंढरपूर आहे, हा प्रश्न त्यांनी नेमका विचारला होता. काशीला कॉरिडॉर झाला, गर्दी वाढली, आणि आता प्रत्येक तीर्थाच्या गावाला आपलाही कॉरिडॉर व्हावासा वाटतो. नागऱ्याएवढ्या गावात कॉरिडॉर होणार नाही हे खरे. पण कॉरिडॉरची धाकटी भावंडे, म्हणजे कमान, कोबा आणि कारंजे, सगळीकडे पोहोचतात.

इथे कोणी म्हणेल की मग काहीच बदलू नये का? तसे नाही. गोंदियाहून बालाघाट-जबलपूरकडे नॅरो गेज धावत होती. सातपुड्यातून जाणारी ती गाडी ठेवली असती तर दार्जिलिंगसारखी पर्यटकांची रांग लागली असती, असे म्हणणारे लोक आहेत. जबलपूर-बालाघाट भागातली शेवटची नॅरो गेज २०१५ मध्ये थांबली. मला त्याचे दुःख आहे, पण तक्रार नाही. त्या गाडीने रोज जाणाऱ्या माणसाला, धान विकायला निघालेल्याला, दवाखान्यात पोहोचायचे असणाऱ्याला ब्रॉड गेज हवी होती. वारसा वापरणाऱ्याची गरज आणि वारसा पाहणाऱ्याची हौस यांत निवड करायची वेळ आली तर माझे मत वापरणाऱ्याला आहे. नागऱ्यातही मी त्याच बाजूला आहे, फक्त तिथे वापरणाऱ्याची गरज आणि दगडाची गरज एकमेकांच्या आड येत नाहीत. दोघांच्याही आड येते ते न आलेल्या पाहुण्याला दाखवण्यासाठी केलेले बांधकाम.

शहराजवळच्या गावाची आणखी एक पंचाईत असते. मुंबईत १९९५ पासून वारसा वास्तूंची नियमावली आहे, यादी आहे, समिती आहे. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि पुढच्या दोनशे मीटरवर नियंत्रण, हे २०१० च्या दुरुस्तीने पक्के झाले. पण गोंदियासारखे शहर रस्त्यांच्या कडेने, ले-आउट पाडत वाढते. पाच किलोमीटर हे अंतर आता ऑटोरिक्षाचे अंतर आहे. जे देऊळ काल गावाचे होते ते उद्या शहराच्या कडेचे होईल, आणि परवा चारही बाजूंनी प्लॉटांच्या मध्ये सापडेल. गावाजवळ असताना त्याच्या भोवती शेत होते, आखर होता, यात्रेला पसरायला जागा होती. ही मोकळी जागा, जिला आपण परिसर म्हणतो, तिचा कुठल्याच सातबाऱ्यावर वारसा म्हणून उल्लेख नसतो. ती गेली की यात्रा रस्त्यावर येते, मग रस्ता रुंद करावा लागतो, मग रुंद रस्त्यासाठी देवळाच्या बाजूचेच काहीतरी पाडावे लागते. पर्यटन आराखड्यात लाखो रुपयांच्या कमानी असतात, पण यात्रेचे मैदान यात्रेसाठीच राहील अशी एक ओळ क्वचितच असते. माझ्या मते ती एक ओळ कमानीपेक्षा मोलाची.

बाकीचे काम स्वस्त आहे. देवळाचे मोजमाप घेऊन नकाशा काढणे, प्रत्येक भिंतीचे फोटो घेऊन ठेवणे, पावसाळ्यात पाणी कुठे साचते ते पाहणे. हे गोंदियाच्या कॉलेजातली मुले एका हंगामात करू शकतात. चंद्रपूरच्या मुलांनी त्याहून कष्टाचे काम केले. नवा मंडप हवाच असेल तर तो देवळापासून सुटा उभारता येतो. पेव्हर भिंतीपासून दोन-तीन फूट मागे थांबवून मध्ये वाळू-खडीची पट्टी सोडता येते, उतार बाहेरच्या बाजूला देता येतो. आणि नवस फेडायला येणाऱ्याला ‘टाइल नको’ असे सांगून परत पाठवायचे नसेल, तर त्याला देण्यासारखे दुसरे काही दाखवावे लागेल: शिखराच्या सांध्यांसाठी मळलेला चुना, पाणी दूर नेणारी दगडी पन्हाळ, यात्रेच्या मैदानाच्या कडेला कडुनिंबाची रांग. वडिलांचे नाव पन्हाळीवरही घालता येते. पुढच्या शिवरात्रीला मंदिर समितीने पावतीपुस्तक छापायला टाकताना ‘फरशीकाम’ या रकान्याच्या जागी ‘पन्हाळ’ असा रकाना घातला तरी चालेल.