बरं वाटण्याचं मोजमाप

तिसऱ्या वर्षाला माझं वर्ष गेलं. मित्र पुढच्या वर्गात गेले, घरी मी खोटं सांगितलं होतं, आणि होस्टेलच्या मेसमागच्या कट्ट्यावर तासन् तास बसून असायचो. तिथे काळ्या असायचा. उरलेल्या पोळ्यांवर जगणारा, एक कान फाटलेला कुत्रा. येऊन पायाशी पसरायचा. "पुढे काय ठरवलंयस?" हे त्या सहा महिन्यांत मला न विचारणारा तो एकटाच.

गेल्या महिन्यात कॉलेजच्या एका सीनियरचा फोन आला. मुलांच्या मानसिक आधारासाठी कॉलेज वाचनकट्टा आणि चित्रकलेची खोली सुरू करतंय, शुक्रवारी प्रशिक्षित कुत्रेही येणार आहेत. मी ॲप लिहून द्यायचं. मुलांनी आत जाताना आणि बाहेर पडताना आपल्या मनःस्थितीला १ ते ५ गुण द्यायचे. दोन रविवारांचं काम, पण हात चालेना.

अमेरिकी बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी उपचारातल्या कुत्र्याच्या मदतीबद्दल १९६२मध्ये निबंध लिहिला. त्याची सुरुवात योगायोगाने झाली होती. एक मिटून गेलेला मुलगा ठरल्या वेळेआधी आला, तेव्हा लेव्हिन्सन यांचा कुत्रा जिंगल्स खोलीतच होता. मुलगा त्याच्याशी खेळायला लागला. जिंगल्सला त्यातून काही साध्य करायचं नव्हतं. मला वाटतं, गुण येतो तो यामुळेच. चित्र बिघडलं तरी चालतं, पुस्तक अर्ध्यावर ठेवता येतं, कुत्र्याला निकाल कळत नाही. गुणांनीच घायाळ झालेल्या मुलाकडे दारात पुन्हा गुण मागितले, तर ती खोलीसुद्धा परीक्षाच होते. तो ३ वाटत असताना ४ भरेल. मीही भरला असता.

सीनियरला हे सांगितलं. तो म्हणाला, "तुला काळ्या सापडला. माझा रूममेट कुत्र्यांना घाबरायचा. तो कॉलेज सोडून गेला तरी आठवडाभर कुणाला पत्ता नव्हता. आकडा असता तर कळलं असतं."

यावर मी गप्प झालो. योगायोगावर सोडून द्या, असं म्हणणं ही ज्याचा योगायोग जुळला त्याचीच चैन.

पण मग मोजायचं कुणाला? माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असं कांट सांगतो. अहवालासाठी मुलांचे मूड गोळा करणं मला त्यातच बसतं. दिवसभर शंभर हातांखाली कुत्र्याला बसवणंही त्यातच येतं, कांटने प्राण्यांना त्या नियमात घेतलं नसलं तरी. म्हणून मी उलटं ॲप सुचवलं. मोजायचं ते कॉलेजला: खोली किती तास उघडी होती, समुपदेशकाची वेळ मागितल्यावर किती दिवसांनी मिळाली, कुत्र्याला विश्रांती मिळाली का. मुलांसाठी एकच बटण: 'मला बोलायचंय.'

बटण न दाबणारा मुलगा यातूनही निसटेल, हे मला माहीत आहे. त्याच्यासाठी दार वाजवणारा माणूसच लागेल. तेही मी लिहून कळवलंय. सीनियरचं उत्तर अजून आलेलं नाही.