हत्यार खाली ठेवणारा शिपाई

कोल्हापूरच्या मुलखात ज्या घरात पंढरीची वारी आहे, त्याच घरातला एखादा मुलगा पलटणीत आहे, असे पुष्कळदा आढळते. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीला तर लोक सैनिक टाकळी म्हणूनच ओळखतात. गळ्यात तुळशीची माळ आणि खांद्यावर सरकारी बंदूक, या दोन्ही गोष्टी आपल्याकडे एका छपराखाली नांदतात. म्हणून आजचा प्रश्न आपल्याला परका नाही. एखादा शिपाई म्हणाला, "या माणसांवर मी गोळी चालवणार नाही," आणि त्यापायी तो तुरुंगात गेला, तर त्याला काय म्हणावे? हुकूम मोडणारा गुन्हेगार? भेकड? की धर्म जाणणारा?

आधी एक गोष्ट साफ करू. आपला संप्रदाय शिपायाला कमी लेखत नाही. तुकोबारायांनी पाईकीचे अभंग केले आणि पाईकाची निष्ठा भक्तापुढे कित्ता म्हणून ठेवली. सीमेवर बर्फात उभा राहणारा आपला मुलगा थोरच आहे. तसेच, जीव वाचवायला जो रणातून पळाला, त्याचीही ही गोष्ट नव्हे. आपण ज्याचा विचार करतो आहोत तो पळत नाही. तो जागेवर उभा राहतो, नाही म्हणतो, आणि शिक्षेला सामोरा जातो.

असे शिपाई आपल्याच देशात होऊन गेले. 23 एप्रिल 1930 रोजी पेशावरात खान अब्दुल गफारखान यांच्या अटकेनंतर किस्साखानी बाजारात मोठा जमाव गोळा झाला. खुदाई खिदमतगारांची ती माणसे निःशस्त्र होती. इंग्रज सरकारने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि पुष्कळ लोक मेले. तिथे रॉयल गढवाल रायफल्सची दुसरी पलटण नेली होती. चंद्रसिंग गढवाली आणि त्यांचे सोबती यांनी त्या वेळी नकार दिला. निःशस्त्र माणसांवर गोळी घालणार नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला झाला. चंद्रसिंगांना जन्मठेप झाली, बाकीच्या पुष्कळांना सक्तमजुरी. हे काही लढाईला भिणारे लोक नव्हते. स्वतः चंद्रसिंग पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जाऊन आले होते.

आता कोणी वारकरी लगेच विचारील, "अहो, नको म्हणणारा पहिला शिपाई तर अर्जुन! त्याने धनुष्य टाकले, तेव्हा भगवंतांनी त्याची पाठ थोपटली का? उलट अठरा अध्याय सांगून त्याला उभा केला. मग गढवाल्यांचे कौतुक कशाला?"

प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर माउलींनी पहिल्याच अध्यायात देऊन ठेवले आहे. कोरडे लाकूड पोखरून जाणारा भुंगा कोवळ्या कळीत अडकून पडतो, हा तिथला दृष्टांत आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. अर्जुनाला अडवले ते स्नेहाने, मोहाने. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचने केली आणि ती साने गुरुजींनी उतरून घेतली. तिथे विनोबांनी एका न्यायाधीशाचे उदाहरण दिले आहे. शेकडोंना फाशी देणारा तो गृहस्थ, स्वतःचा मुलगा पुढे उभा राहिल्यावर फाशी कशी वाईट हे सांगू लागला! अर्जुनाचे तसेच झाले होते. परके असते तर त्याचा बाण थांबला नसता. समोर आजोबा, गुरू, भाऊ दिसले म्हणून हात कापू लागला. त्याला वाटली ती दया, आणि होती ती ममता.

हे माप घेऊन पेशावरच्या बाजारात जाऊ या. गढवाली शिपाई हिंदू, डोंगरातले. समोरचे पठाण मुसलमान. भाषा वेगळी, मुलूख वेगळा, नात्याचा एकही माणूस त्यात नाही. हिंदू पलटण मुसलमानांवर बिनदिक्कत गोळी चालवील, हाच तर राज्यकर्त्यांचा हिशेब होता. तो चुकला. जिथे ममतेला धरायला काहीच नव्हते, तिथे या शिपायांचा हात थांबला. अर्जुन आपल्यांसाठी थांबला, हे परक्यांसाठी थांबले. सर्वांभूती एकच देव आहे, हे आपण रोज म्हणतो. त्यांनी ते शिक्षा पत्करून केले. म्हणून भगवंतांनी अर्जुनाला जे ऐकवले, ते या माणसांना लागू पडत नाही.

दुसरा आक्षेप याहून कठीण आहे. शिपाई शपथ घेतो, मीठ खातो. ती शपथ मोडली तर वचनाला किंमत काय राहिली? खुद्द गांधीजींनी या बाबतीत गढवाल्यांची बाजू घेतली नाही. एका फ्रेंच पत्रकाराने विचारले तेव्हा ते म्हणाले की गोळीचा हुकूम मोडणारा शिपाई घेतलेली शपथ मोडतो. उद्या स्वराज्यातही शिपाई असेच करू लागतील, अशी त्यांना धास्ती होती. 5 मार्च 1931 च्या गांधी-आयर्विन करारात सत्याग्रही सुटले. हुकूम मोडल्याबद्दल शिक्षा झालेल्या शिपायांना मात्र माफीतून वगळले गेले. चंद्रसिंग बाहेर आले ते 1941 साली, अकरा वर्षांनी.

गांधीजींचे म्हणणे हलके नाही. मला वाटेल तो हुकूम पाळीन, वाटेल तो मोडीन, असे प्रत्येकाने म्हटले तर सैन्य म्हणजे टोळी होईल. पण मिठाचीही मर्यादा असते. भीष्म-द्रोण कौरवांचे मीठ खात होते, म्हणून भर सभेत द्रौपदीची विटंबना होताना गप्प बसले. त्या गप्प बसण्याला आजवर कोणी धर्म म्हटले नाही. विदुर त्याच घरातला. भागवतात सांगितले आहे की त्याने धनुष्य दाराशी ठेवले आणि तीर्थयात्रेला निघून गेला. ज्याला युद्धच नको, त्याची वाट ही. आधी हत्यार परत करावे, मग मोकळे व्हावे. पण ज्याच्या हातात बंदूक असतानाच निःशस्त्र माणूस समोर येतो, त्याला तेवढी सवड मिळत नाही. तिथे त्याने नाही म्हणावे आणि मोडलेल्या शपथेची किंमत स्वतःच्या अंगावर घ्यावी. आपल्या 1950 च्या सैन्य कायद्यात वरिष्ठाचा हुकूम उघडपणे झुगारणाऱ्याला 14 वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. पण तो हुकूम 'कायदेशीर' असला पाहिजे, हाही शब्द तिथे आहे.

आपल्याकडे सक्तीची भरती नाही. जिथे ती झाली तिथे विदुराची वाटही सरकारने सोपी ठेवली नाही. इंग्लंडात 1916 साली सक्ती आली तेव्हा हजारो लोकांनी सदसद्विवेकाच्या आधारावर नकार दिला. कित्येक जण तुरुंगात गेले. 35 जणांना फ्रान्समध्ये मृत्युदंड सुनावला आणि मग तो 10 वर्षांच्या सक्तमजुरीवर आणला. ऑस्ट्रियात फ्रान्झ येगरश्टेटर नावाचा साधा शेतकरी होता, गावच्या चर्चमधला सेवेकरी. हिटलरसाठी लढणार नाही म्हणाला. घरी बायको, तीन लहान मुली. त्यांचा तरी विचार कर, असे लोकांनी परोपरीने सांगितले. 9 ऑगस्ट 1943 ला त्याचा शिरच्छेद झाला. आपल्या विनोबांनी 17 ऑक्टोबर 1940 ला पवनारला युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला आणि तेही कैदेत गेले. ते शिपाई नव्हते, पण युद्धाला माणूस किंवा पैसा देऊ नये एवढे बोलणेही त्या वेळी गुन्हा ठरले.

एक अडचण तरीही उरते. शत्रू खरोखर दारात आला, आणि एकाने हत्यार ठेवले, तर त्याच्या वाटची गोळी दुसऱ्याचा मुलगा झेलतो. नकार देणाऱ्याने हे विसरू नये. त्याने जखमींची सेवा करावी, धोक्याचे दुसरे काम मागून घ्यावे. संकटातला वाटा टाळून जो नुसता हात स्वच्छ ठेवतो, त्याच्या नकारात काही राम नाही.

तेव्हा अशा माणसाला पारखताना तीन गोष्टी पाहाव्यात. समोर परका असता तरी तो थांबला असता का? शिक्षा घेताना तो लपला की पुढे आला? आणि जे सोबती हुकूम पाळून लढले, त्यांचा त्याने द्वेष केला का? या तिन्हींत जो उतरला, त्याला भेकड म्हणण्याचा अधिकार घरात बसलेल्या आपल्याला नाही. त्याच्या आईबापांना गावाने टाकू नये, त्याच्या मुलांना शाळेत कोणी हिणवू नये. इतके तर आपल्या हातात आहे.

वारीत आपण समोरच्याच्या पाया पडतो. जात विचारत नाही, गाव विचारत नाही, आणि तोही आपल्या पाया पडतो. ती सवय ज्याच्या अंगात खोल मुरली, त्याच्या हातात कधी बंदूक आली आणि समोर निःशस्त्र माणूस आला, तर त्याचा हात थांबणे साहजिक आहे. आपली मुले पलटणीत जातात, जावोत, शौर्य गाजवोत. जाताना त्यांना एवढे सांगावे की बाबा, हुकूम पाळ, देश राख. पण समोरच्याच्या हातात हत्यार आहे की नाही, हे पाहायला विसरू नकोस.

रामकृष्ण हरि!