जीवरक्षण आणि जलरक्षण



गळ्यात तुळशीची माळ पडली की मत्स्याहार सुटतो. म्हणून माशांच्या रक्षणाची गोष्ट काढली की पुष्कळ माळकरी म्हणतात, 'महाराज, आम्ही मासा खातच नाही. हे आम्हांस कशाला सांगता?' प्रश्न सरळ आहे, पण उत्तर तितके सरळ नाही. न मारणे एवढ्यानेच दया पुरी होते काय, याचा थोडा विचार करावा असे आम्ही योजिले आहे.

शतपथ ब्राह्मणात मनूची कथा आहे. सकाळी हात धुण्याच्या पाण्यात मनूच्या हाती एक लहानसा मासा आला. तो म्हणाला, 'मला सांभाळ, मी तुला तारीन. आम्ही लहान असतो तोवर मासाच माशाला गिळतो. तेव्हा आधी मला घागरीत ठेव. वाढलो की खड्डा खणून त्यात ठेव. त्यातही मावेनासा झालो की समुद्रात नेऊन सोड.' मनूने तसे केले, आणि पुढे जलप्रलयात त्याच माशाने मनूची नौका पर्वतापर्यंत ओढून नेली. कीर्तनात ही कथा लावली की श्रोते नौकेपाशीच रमतात. पण आधीचा क्रम ध्यानात घ्या, बरे का! घागर, खड्डा, समुद्र. घागर हा मुक्काम आहे, घर नव्हे.

हाच क्रम आपल्या सह्याद्रीत प्रत्यक्ष घडला आहे. आपल्या नद्यांत महाशीर नावाचा मोठ्या खवल्यांचा थोर मासा आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली पुण्याकडच्या मुळा-मुठेतील या माशाचे वर्णन करून 'खुद्री' हे नाव शास्त्रात नेले. हा मासा पावसाळ्यात प्रवाहाच्या उलट चढतो आणि स्वच्छ, वाहत्या पाण्यात, वाळू-गोट्यांच्या तळावर अंडी घालतो. रोहू-कटल्याच्या मानाने त्याची अंडी थोडी. धरणांनी त्याची वाट अडली, वाळू-गोटे उपसून नेले गेले, आणि मासा विरळ होत चालला.

तेव्हा १९७०च्या दशकात लोणावळ्यास वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने महाशीराचे पैदास केंद्र चालविले. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्यासारख्या मत्स्यतज्ज्ञांनी त्या कामी परिश्रम घेतले. पिकल्या मादीचे पोट हलक्या हाताने दाबून अंडी घ्यायची, त्यांत नराचे रेत मिसळायचे, आणि ती अंडी वाहत्या पाण्याच्या तबकांत ठेवायची. तीन-चार दिवसांत पिले बाहेर येतात. ती हौदात वाढवून नद्या-तलावांत सोडली गेली, दूरच्या प्रांतांतही पाठविली गेली. काम पुण्याचे खरेच.

आता पूर्वपक्ष असा, की पिले हवी तितकी निपजविता येतात, मग नदीची चिंता कशाला? हौद आहे, मासा आहे. वंश बुडत नाही. यास आमचे उत्तर दोन प्रकारचे आहे.

पहिले असे, की पिलू सोडायचे कोणत्या पाण्यात? आळंदीस इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना अलीकडच्या वर्षांत हजारो वारकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिला. गावोगावचे सांडपाणी आणि कारखान्यांची रसायने नदीत येतात. घाण पाण्यात कुजू लागली की त्या पाण्यातला प्राणवायू ती खाऊन टाकते आणि मासा गुदमरून मरतो. अशा पाण्यात पिले सोडणे म्हणजे अनाथ मुलाला वाढवून जळत्या घरात पाठविणे होय.

दुसरे उत्तर अधिक सूक्ष्म आहे. कावेरीत पाठीवर उंचवटा असलेला, पन्नास किलोंहूनही मोठा होणारा महाशीर आहे. निळ्या परांचा महाशीर तेथला नव्हे. तो लोणावळ्याच्या पैदाशीतून नेऊन कावेरीत सोडला गेला. हेतू शुद्ध होता. पण पाहुणा वाढला आणि घरधनी घटत गेला. २०१८ साली कावेरीच्या त्या माशाची शास्त्रीय ओळख निश्चित झाली, आणि त्याच वर्षी जगातील संकटग्रस्त जीवांच्या यादीत त्याची गणना नष्ट होण्याच्या अगदी काठावर आलेल्यांत झाली. या ऱ्हासाला बाहेरून आणलेला महाशीर मोठे कारण झाला, असे अभ्यासकांचे मत आहे. एका माशावर केलेली दया दुसऱ्याला भोवली! म्हणून दयेला विवेकाची जोड पाहिजे. ज्या नदीचा मासा त्याच नदीत, आणि नदी राहण्याजोगी करून.

उलट महाडजवळ वाळणकोंडीचा डोह पाहा. तेथे वरदायिनी देवीच्या धाकाने व भक्तीने कोणी मासा धरीत नाही. तेथे महाशीर पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला. तेथे हौद नाही, तबक नाही. डोह राखला, एवढेच. कुठे वंश बुडायलाच लागला तर हौद अवश्य हवा. पण हौदाचे सार्थक नदीत आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जो भोई पोटासाठी जाळे टाकतो, पण आषाढात अंड्यावर आलेली मादी परत पाण्यात सोडतो, आणि जो माळकरी मासा खात नाही, पण निर्माल्य, साबणाचा फेस, प्लॅस्टिकच्या पिशव्या खुशाल नदीत टाकतो, या दोघांत मत्स्यवंशाचा वैरी कोण? सज्जनहो, रागावू नका. तुळशीमाळेने हात आवरला, ठीक. पण तोच हात घाटावर मोकळा सुटला तर माळ तरी काय करील? ज्या इंद्रायणीने तुकोबांची गाथा तेरा दिवस सांभाळून परत दिली, तिला आम्ही एका माशाचा जीव सांभाळण्यापुरती तरी शुद्ध ठेवली आहे काय?

सारे सांडपाणी एकटा वारकरी थांबवू शकत नाही. ते काम सरकारचे, नगरपालिकांचे आणि कारखानदारांचे, आणि ते करा असे त्यांना ठणकावून सांगणे हेही आपलेच काम. पण दिंडीतल्या प्रत्येकाने एवढे तरी धरावे: निर्माल्य झाडाच्या मुळाशी पुरावे, कपडे धुणे पात्राबाहेर करावे, कोणी हौसेने परके मासे आणून पाण्यात सोडू लागला तर त्याला प्रेमाने अडवावे. एकादशीइतकाच हा नेम पाळावा.

देवाने पहिला अवतार पाण्यात घेतला. त्याच्या घरी आपण स्नानाला जातो. घर घाण करून येऊ नये. ही बुद्धी श्रीपांडुरंगाने सर्वांस द्यावी, हीच त्याचे चरणी प्रार्थना.