आधीं घ्यावें कीं आधीं विकावें ?

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण ज्या कोणा अनुभवी पुरुषानें प्रथम उच्चारली, त्याच्या काळीं घर ही आयुष्यांत एकदांच करावयाची गोष्ट होती. राहतें घर विकून दुसरें घेण्याचा प्रसंग त्याच्यावर आला असता, तर त्यानें या म्हणींत तिसरें कलम खचित जोडलें असतें. कारण घर बांधतांना माणसाला गवंड्याशीं व सुताराशीं झगडावें लागतें. एक घर सोडून दुसऱ्यांत जातांना त्याला स्वतःशींच झगडावें लागतें. आधीं नवें घ्यावें आणि मग जुनें विकावें, कीं आधीं जुनें विकून मग नव्याच्या शोधास लागावें, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ व्यवहाराचा दिसतो. वकील, दलाल आणि बँकेंतील अधिकारी यांच्याकडे त्याचें उत्तर तयार असतें. परंतु त्याच्या पोटांत एक नीतीचा प्रश्न दडलेला आहे, आणि तो मला फार उशिरां दिसला. तो कसा दिसला हें सांगितल्यास एखाद्या वाचकाला तो वेळेवर दिसेल, एवढ्याच आशेनें हें लिहीत आहें.

पुण्यांत एका सहकारी गृहसंस्थेच्या इमारतींत तिसऱ्या मजल्यावर आमचें बिऱ्हाड वीस वर्षें होतें. घर सोयीचें होतें. त्याविरुद्ध तक्रार करण्यासारखें कांहीं नव्हतें. परंतु लहानपणीं आजोळच्या वाड्यांत काढलेल्या सुट्या मनांत ठाण मांडून बसल्या होत्या, आणि निवृत्तीनंतर तसल्याच एखाद्या वाड्यांत राहावें ही इच्छा सौभाग्यवतींना व मला सारखीच होती. २०१८ च्या उन्हाळ्यांत वाईस गेलों असतां कृष्णेच्या घाटापासून थोड्या अंतरावर असा एक वाडा विकाऊ असल्याचें कळलें. दिंडी दरवाजा, आंत फरसबंदी चौक, चौकांत तुळशीवृंदावन, तिन्ही बाजूंनीं सागवानी खांबांची ओसरी, वर कडीपाटाचें छत, आणि दुपारींही दिवा लावावा लागेल असें थंडगार माजघर! मालकीणबाई ऐंशीच्या घरांतल्या, एकट्याच राहत. “वाडा पेशवाईंतला आहे,” असें त्यांनीं सांगितलें. छपरावरचीं कौलें मात्र मंगळुरी होतीं, आणि तीं करण्याचा कारखाना बासेल मिशनच्या लोकांनीं मंगळूरांत १८६५ सालीं काढला हें मला ठाऊक होतें. पण प्रेमांत पडलेला मनुष्य वधूचें वय विचारीत नाहीं. छप्पर मागाहून बदललें असेल, अशी मीं आपली समजूत घातली आणि मोकळा झालों.

वाड्याची किंमत ऐंशी लाख ठरली. आमच्याजवळ शिल्लक होती ती तिच्या पंचमांशाइतकी. बाकीची सारी रक्कम पुण्याचें घर विकून यावयाची होती. सौभाग्यवतींचें म्हणणें, आधीं आपलें घर विकूं या. मी म्हणालों, तोंवर वाडा दुसऱ्या कोणाच्या हातीं गेला म्हणजे? झालें! आठ लाख विसार देऊन साठेखत केलें आणि सहा महिन्यांची मुदत घेतली. सही करण्यापूर्वीं आजींनीं चष्मा पुसतां पुसतां विचारलें, “पैशांची सोय झाली आहे ना हो?” मी म्हणालों, “आहे, आजी. तुम्ही काळजी करूं नका.” या उत्तराकडे मला पुन्हां यावयाचें आहे.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचें ५४ वें कलम सांगतें कीं, विक्रीचा नुसता करार झाल्यानें त्या मिळकतींत खरेदीदाराचा कोणताही हितसंबंध निर्माण होत नाहीं. कायदा थंड डोक्याचा असतो. मन तसें नसतें. साठेखताची शाई वाळण्यापूर्वींच मीं मनानें ओसरीवर झोपाळा टांगला होता. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात. माझें मन दोन्ही घरीं जेवूं पाहत होतें. पुण्याच्या घराची किंमत ठरवितांना याचा परिणाम दिसला. शेजारच्या विक्रींवरून पाहतां तें घर पंच्याऐंशी लाखांचें होतें. मीं पंच्याण्णव सांगितले. कां, तर वाडा, त्याची डागडुजी आणि मुद्रांकशुल्क यांची बेरीज तेवढी होत होती! आपल्या वस्तूची किंमत आपल्या गरजेवरून ठरवावी, हा न्याय मला त्या वेळीं मुळींच विचित्र वाटला नाहीं. माझ्या स्वप्नाचा खर्च मी एका अनोळखी माणसाच्या खिशांतून काढूं पाहत होतों, हें माझ्या ध्यानांत आलें नाहीं.

चार महिने कोणी फिरकलें नाहीं. पांचव्या महिन्यांत एक तरुण जोडपें आलें. दोघेंही नोकरी करणारीं, कडेवर वर्षाचें मूल. त्यांना घर मनापासून आवडलें. शहाऐंशी लाख द्यावयास तीं तयार होतीं. अडचण एकच होती. “आमची एका खोलीची जागा विकली कीं लगेच देतों, काका. चार महिने थांबाल का?” मीं गंभीर मुद्रा करून सांगितलें, “आधीं तुमची जागा विका, मग या. दुसऱ्याला असें टांगून ठेवणें बरें नव्हे.” तीं दोघें गेलीं. चहाचे कप उचलतां उचलतां सौभाग्यवती म्हणाल्या, “हेंच वाक्य आजींनीं आपल्याला ऐकवलें असतें तर?”

मजजवळ उत्तर नव्हतें. त्या रात्रीं साठेखत पुन्हां वाचलें, आणि एका वकील स्नेह्यानें पूर्वीं सांगितलेली गोष्ट आठवली. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याप्रमाणें, कराराची पूर्तता मागणाऱ्यानें आपण स्वतः करार पाळण्यास सदैव तयार व राजी होतों, हें सिद्ध करावें लागतें. न्यायालयें या दोन शब्दांचे अर्थ निराळे करतात : राजी असणें हा मनाचा धर्म, आणि तयार असणें म्हणजे पैशाची ऐपत. मी राजी होतों, तयार नव्हतों. आजींनीं मला विचारलें होतें तयारीबद्दल, आणि मीं उत्तर दिलें होतें राजीपणाचें. ‘आहे’ या एका शब्दांत मीं ‘येईल’ हा शब्द दडपून टाकला होता. मी खोटें बोललों असें मला त्या क्षणीं वाटलें नव्हतें. कारण न विकलेलें घर मी पैशांतच मोजीत होतों. बहुतेक सभ्य माणसांचें खोटें बोलणें याच जातीचें असतें. तीं आधीं स्वतःला फसवितात, आणि मग प्रामाणिकपणें दुसऱ्याला.

आधीं सोडावें कीं आधीं धरावें, या प्रश्नावर आपल्या शास्त्रांतही दोन दृष्टान्त आहेत. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत देहान्तराला वस्त्रांची उपमा दिली आहे. मनुष्य जीर्ण वस्त्रें टाकतो आणि नवीं घेतो. तेथें टाकणें आधीं, घेणें मागून. बृहदारण्यकोपनिषदांतील दृष्टान्त मात्र गवतावरच्या किड्याचा आहे. तो एका पात्याच्या टोकाशीं पोंचला म्हणजे दुसऱ्या पात्याचा आधार पकडतो आणि मग मागचें अंग ओढून घेतो. तेथें धरणें आधीं, सोडणें मागून. मला अर्थातच किड्याचा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटला होता, आणि उपनिषदाचा आधार मिळाल्यावर तर विचारूंच नका! परंतु दृष्टान्त ओढून ताणून आपल्या सोयीस लावतांना एक गोष्ट मी विसरलों. किड्याचें पुढलें पातें रिकामें असतें. माझ्या पात्यावर एक वृद्ध बाई बसल्या होत्या, आणि मीं तें धरून ठेवल्यामुळें त्यांनाही आपलें पुढलें पातें धरतां येत नव्हतें.

ही अडचण एकट्या माझी नव्हे, आणि एकट्या आपल्या देशाचीही नव्हे. इंग्लंडांत जुन्या घरांची हौस मोठी. तेथें एकमेकांवर अवलंबून असलेल्या अशा व्यवहारांना ‘साखळी’ असेंच नांव पडलें आहे. एकाचें घर विकल्यावांचून दुसऱ्याला घेतां येत नाहीं, आणि एक दुवा निखळला कीं सारेच अडतात. यावर त्यांनीं काढलेली तोड अशी कीं, करारपत्रांची अदलाबदल होईपर्यंत कोणीच कायद्यानें बांधला जात नाहीं. ती झाली म्हणजे बहुधा दशांश रक्कम अनामत म्हणून द्यावी लागते, आणि साखळींतील सर्वांची अदलाबदल शक्यतों एकाच दिवशीं घडवून आणतात. बांधले जावयाचे तर सर्वांनीं एकदम! या पद्धतींत कोणी एकटा लोंबकळत राहत नाहीं. पण शेवटच्या घटकेपर्यंत कोणीही माघार घेऊं शकतो, ही त्याची किंमत. आपल्याकडे, त्या वेळीं लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याच्या ५४ व्या कलमानें दोन्ही क्रम मान्य केले होते. विक्रीच्या आधीं एक वर्षाच्या आंत किंवा नंतर दोन वर्षांच्या आंत दुसरें घर घेतल्यास नफ्यावरील कराची सवलत मिळे. आधीं सोडणाऱ्याला दोन वर्षें आणि आधीं धरणाऱ्याला एक, हें प्रमाण मला अर्थपूर्ण वाटतें. आणखीही एक मार्ग असतो : मधल्या काळापुरतें कर्ज काढून जोखीम आपल्याच शिरावर घेणें. मीं तो टाळला होता, कारण व्याज जड वाटलें. आतां कळतें कीं व्याज टळलें नव्हतें. तें आजी भरीत होत्या.

यावर कोणी म्हणेल, असा काटेकोर विचार केला तर जगांत कोणीच घर बदलूं शकणार नाहीं. कोणीतरी आधीं पाऊल उचललेंच पाहिजे, आणि पाऊल उचललें म्हणजे क्षणभर एका पायावर उभें राहणें आलेंच. हें खरें आहे. आधीं विकणारा सर्वस्वी निर्दोष असतो असेंही नाहीं. हातांत पैसे घेऊन भाड्याच्या जागेंत कुटुंबाची फरफट करणारे गृहस्थ मीं पाहिले आहेत. म्हणून क्रमांत नीति नाहीं, असें माझें मत झालें आहे. नीति आहे ती दोन गोष्टींत. जोखीम ज्याच्या इच्छेंतून निघाली त्यानेंच ती उचलावी. आणि तिचा कांहीं भाग दुसऱ्यावर पडणार असेल, तर तें त्याला आधीं सांगून त्याची संमति घ्यावी. मीं आजींना स्पष्ट सांगितलें असतें कीं, ‘माझें घर विकलें तरच पैसे येतील, तोंवर थांबाल का?’ तर त्या कदाचित् नाहीं म्हणाल्या असत्या, कदाचित् हो म्हणाल्या असत्या. परंतु तो होकार वा नकार त्यांचा असता. मीं त्यांच्यापासून खरोखर हिरावून घेतली ती ही निवड. त्या तरुण जोडप्यानें मात्र आपली अडचण पहिल्याच भेटींत उघड केली होती. माझ्याहून तीं दोघें प्रामाणिक होतीं, आणि त्या प्रामाणिकपणाचें फळ मीं त्यांना नकाराच्या रूपानें दिलें होतें.

दुसऱ्या दिवशीं मीं त्यांना फोन केला. शहाऐंशी लाख मान्य केले आणि चार महिने थांबण्याचेंही कबूल केलें. मग बँकेकडे मधल्या काळाच्या कर्जासाठीं अर्ज केला आणि वाईस जाऊन आजींना सारी हकीकत सांगितली. त्या रागावल्या नाहींत. मुदत उलटून दोन महिन्यांनीं, २०१९ च्या जानेवारींत, त्यांचे पैसे पोंचते झाले. विसार जप्त करण्याचा विचारही त्यांनीं बोलून दाखविला नाहीं. मात्र खरेदीखताच्या दिवशीं बोलतां बोलतां एक गोष्ट कळली. कोल्हापुरांत लेकीच्या शेजारीं तळमजल्यावरची एक लहानशी जागा त्यांनीं पाहून ठेविली होती, आणि माझ्या शब्दावर विसंबून तिथें नोव्हेंबरचा वायदा केला होता. तो चुकला, जागा दुसऱ्यानें घेतली. आतां त्याच इमारतींत दुसऱ्या मजल्यावर मिळाली होती. “चढेन हळूहळू,” त्या म्हणाल्या, “घाईनें जायचंय कुठं?”

त्यांचा एकही रुपया बुडाला नाहीं. कोणत्याही हिशेबाच्या वहींत माझ्या नांवें कांहीं बाकी निघणार नाहीं. वाडा आम्हांला जसा हवा होता तसाच आहे. पावसाळ्यांत गळतो, पण तें सांगून सवरून घेतलेलें सुख आहे. झोपाळाही टांगला आहे. वर्षांतून एकदां आम्ही उभयतां कोल्हापुरास जातों आणि आजींना भेटतों. त्यांच्या इमारतीला लिफ्ट नाहीं. जिना चढतांना मी दर वेळीं पायऱ्या मोजतों. त्या अडतीस आहेत.