घट्ट म्हणजे किती?

एका कारखान्याच्या हिशेब खात्यात मी 36 वर्षं नोकरी केली. नट-बोल्टांची खरेदी, त्यांचा साठा, त्यांची घट, सगळं माझ्या सहीनं चालायचं. पण एवढ्या काळात मी स्वतः एकही नट कारखान्यात आवळला नाही. निगडी प्राधिकरणात राहून ही कबुली द्यायला धीर लागतो. आमच्या डावीकडे निवृत्त फिटर, उजवीकडे टर्नर आणि समोर टूल रूममध्ये हयात घालवलेले गृहस्थ. अशा वस्तीत हिशेबनीस म्हणजे तालमीतल्या मारुतीचा पुजारी. जोर-बैठका रोज बघायच्या, काढायची एकही नाही.

त्यामुळे परवा पुतणी येऊन म्हणाली, "काका, आमच्या टीमला एक इम्पॅक्ट रेंच घेऊन द्याल?" तेव्हा मी उदार मनानं उठलो, माळ्यावरून जुना पाना काढला आणि तिच्या हातात ठेवला. तिनं तो कुणाची तरी कवळी हातात आल्यासारखा दोन बोटांत धरला आणि परत दिला.

पुतणी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती आणि तिची मित्रमंडळी भोसरीतल्या एका शेडमध्ये शर्यतीची गाडी बांधताहेत. ती घेऊन कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत स्पर्धेला जायचं. सरावात दिवसातून अनेकदा चाकं काढावी लागतात, घालावी लागतात. चार चाकं, चाकाला चार नट, म्हणजे सोळा सोडायचे आणि सोळा आवळायचे. मैदानावर हवेचा कॉम्प्रेसर कोण वाहून नेणार? म्हणून बॅटरीवर चालणारी गन हवी. गाडी चालवणार कोण, असं मी विचारलं, तर ती म्हणाली, "मी. पण आईला अजून नीटसं सांगितलेलं नाही."

पिंपरी कॅम्पात गेल्यावर कळलं, हे पाना घेणं नव्हे, स्थळ बघणं आहे. दुकानदारानं एकेक उमेदवार काउंटरवर मांडला. अठरा व्होल्ट, ब्रशलेस मोटर, अर्ध्या इंचाचं चौकोनी तोंड. वजन विचारून झालं. सॉकेट चकचकीत नको, जाड काळा हवा. चकचकीत तो हातपान्यासाठी, गनच्या दणक्यानं तडकू शकतो, हेही कळलं. खोक्यावरच्या किमतीत बॅटरी आणि चार्जर नाहीत, हे किंमत पसंत पडल्यावर कळलं. शिवाय एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या गनला बसत नाही. म्हणजे इथेही जात आडवी आलीच.

मी हिशेबी माणूस, म्हणून मी आकड्यांकडे वळलो. एका गनवर हजार न्यूटन-मीटर असं ठळक छापलं होतं. न्यूटन-मीटर म्हणजे काय ते पुतणीनं समजावलं. एक मीटर लांब पाना आडवा धरायचा आणि त्याच्या टोकाला दहा किलो तांदळाची पिशवी टांगायची, की झाले साधारण शंभर न्यूटन-मीटर. आपल्या नेहमीच्या मोटारीचे चाकाचे नट शंभर ते एकशेवीसच्या आसपास आवळलेले असतात. हजार म्हणजे त्याच टोकाला शंभर किलोची गोण! मी लगेच म्हटलं, "हजारवालीच घेऊ. पैसे देतोय तर गोण घेऊ, पिशवी कशाला?"

"नको काका, आम्हाला तीनशे-चारशेची पुष्कळ झाली. आणि हा मोठा आकडा बहुतेकदा गच्च बसलेला नट सोडवण्याचा असतो. आवळण्याचा त्याहून लहान."

"मग आवळायला?"

"त्याला टॉर्क रेंच. हातानं."

मला वाटलं, दुकानदाराचं गिऱ्हाईक जातंय, तो आता भांडेल. तर तोही मान डोलावून म्हणाला, "ताई बरोबर बोलतायत. सोडायला गन, आवळायला हात."

या गनची गंमत अशी, की ती नुसतं पिळत नाही. तिच्या पोटात एक हातोडा गरगर फिरतो आणि नटाच्या बाजूनं असलेल्या दांड्याला सटासट ठोसे देतो. म्हणून आपल्या मनगटाला पीळ बसत नाही. नटाला मार बसतोय आणि मारणाऱ्याच्या हाताला त्याचा पत्ता नाही! सोडवताना हे वरदान. आवळताना मात्र तोच शाप, कारण किती झालं हे हाताला कळत नाही आणि साध्या गनला स्वतःहून थांबावंसं वाटत नाही.

आणि जास्त आवळलं तर बिघडलं कुठे? बिघडतं. पुतणीनं सांगितलेली ही गोष्ट मला पंचाहत्तर प्रवचनांत मिळाली नव्हती. बोल्ट धरून ठेवतो तो ताठ असतो म्हणून नव्हे. आवळला की तो केसभर ताणला जातो, त्याला मूळ लांबीवर परत यायचं असतं, आणि त्या ओढीनं तो चाक धरतो. मर्यादेपलीकडे ताणला की ती ओढच संपते. मग तो दिसतो बोल्टसारखा, पण परत येत नाही. मुलं, सुना, हाताखालची माणसं आणि जन्मभराचे मित्र यांच्या बाबतीत मी कुठे कुठे 'अजून एक पीळ' दिला, त्याची यादी मला दुकानातच आठवू लागली.

कमी आवळण्याचा अनुभव तर माझ्या पदरी आहेच. 1987 साली स्कूटरचं चाक मी घरीच बदललं. शेजाऱ्याशी गप्पा मारत नट बसवले आणि हिला मागे बसवून देहूला निघालो. वाटेत मागचं चाक अभंगाच्या ठेक्यावर डोलायला लागलं. वेळीच थांबलो म्हणून ही हकीकत विनोदी निबंधात येते आहे. नट हातानंही हलत होते. ही तेव्हा एकच वाक्य बोलली, "मी तर निवांत बसले होते." त्या 'निवांत'चं ओझं मला अजून पेलत नाही.

घाईनं मोठी माणसंही फसतात. 2023 साली कतारच्या शर्यतीत मॅक्लारेनच्या लोकांनी चारही चाकं 1.80 सेकंदांत बदलली. तेवढ्यात मला चष्मा सापडत नाही. पण 2021 साली मोनॅकोत बोटास दुसऱ्या क्रमांकावर असताना मर्सिडीजची गन एका नटावर नीट सरळ बसली नाही. क्षणार्धात नटाच्या कडा घासून गेल्या आणि चाक निघेचना. शर्यत तिथेच संपली. ते चाक दोन दिवसांनी इंग्लंडातल्या कारखान्यात सुटलं. गन ताकदीची होती, माणसं निष्णात होती. चुकलं ते केसभर.

पैसे दिले. गन घेतली आणि तिच्याबरोबर टॉर्क रेंचही. दुसऱ्या दिवशी शेड बघायला गेलो. तिथला एक नियम मला कळला: जो गाडीत बसणार, त्यानं आपल्या चाकांना हात लावायचा नाही. एकानं आवळायचं, दुसऱ्यानं तपासायचं आणि नटावर रंगाची रेघ ओढायची. मी विचारलं, "तुला भीती नाही वाटत?" ती म्हणाली, "मग गाडीत बसायचंच कशाला?"

परतताना चाकणकडून शिफ्ट सुटल्याच्या बसेस येत होत्या. खिडक्यांना डोकी टेकून पोरं झोपली होती. यांतल्या कुणीतरी आज कुणाच्या तरी चाकांवर लक्ष ठेवलं असेल. मोठ्या कारखान्यांत आता यंत्रं नट आवळतात आणि आकडाही नोंदवतात. पण आकडा वाकडा आला तर लाइन थांबवायची की 'जाऊ दे' म्हणायचं, हे अजून माणूसच ठरवतो. त्या गाडीत बसणारं माणूस त्याला कधी भेटणार नाही. कुणीतरी नागपुरात, कुणीतरी कोचीत निवांत बसलेलं असेल. आपली सगळी नीतिमत्ता मला त्या एका शब्दात दिसते: दुसऱ्याचं निवांत बसणं आपल्या हातात आहे, हे ठाऊक असणं.

पण शेडमधली एक गोष्ट सांगायची राहिलीच. पोरांनी आग्रह करून मलाही एक नट आवळायला लावला. पहिले आटे बोटांनी फिरवले, मग टॉर्क रेंच लावला. 36 वर्षांत एकाही ताळेबंदाची मला इतकी धास्ती वाटली नव्हती. 'टक्' असा आवाज आला. मन भरेना, म्हणून मी हळूच अजून एकदा रेटायला गेलो, तर मागून पुतणीचा आवाज आला,

"काका, टक् झालं की थांबायचं."