मोत्याचा वाटा

नामदेवांची पोळी कुत्र्याने पळवली, तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कोरडी पोळी त्याच्या घशाखाली कशी उतरेल, ही त्यांची काळजी. आमच्या घरीही बाबांच्या ताटातला एक वाटा मोत्याचा असतो. बाबांना मधुमेह झाला तसं घरात ‘शुगर-फ्री’ आलं, आणि टेबलाखाली जाणारा बिस्किटाचा तुकडाही शुगर-फ्री झाला. साखर नाही ना, मग त्यालाही बरंच, असं आम्ही धरून चाललो होतो.

चुकलं ते इथेच. गोड चवीमागे काय आहे, ते आम्ही कधी पाहिलंच नाही. चहातल्या गोळ्यांमध्ये बहुधा अ‍ॅस्पार्टेम, सुक्रालोज किंवा स्टीव्हिया असतं; त्यांची एवढी धास्ती नाही. जिवावर बेततं ते झायलिटॉल. शुगर-फ्री च्युइंगम, मिंटच्या गोळ्या, काही टूथपेस्ट, काही पीनट बटर यांत ते असतं. आपल्या दातांना ते चांगलं, आणि आपल्या इन्सुलिनवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. कुत्र्याचं स्वादुपिंड मात्र त्याला फसतं आणि भराभर इन्सुलिन सोडतं. बऱ्याचदा अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळते. ओकारी, लटपटणारे पाय, मग झटके. च्युइंगम गिळलं असेल तर हे काही तास उशिराही सुरू होतं. वजनाच्या किलोमागे ०.१ ग्रॅम एवढंसं यासाठी पुरतं, ०.५ ग्रॅमच्या आसपास गेलं की यकृत निकामी होण्याची भीती. मोत्या पाच किलोचा. त्याच्यासाठी च्युइंगमच्या एक-दोन गोळ्याही खूप झाल्या.

असं काही पोटात गेलं असेल, तर ‘बघू संध्याकाळपर्यंत’ म्हणू नये. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायच्या फंदातही पडू नये. पाकीट हातात घ्यावं आणि तडक पशुवैद्य गाठावा. कुत्रा तेव्हा शेपटी हलवत असला तरीही.

हे सगळं कळल्यापासून बाबा दुकानातच चष्मा कपाळावर सरकवतात आणि पाकीट डोळ्यांशी नेऊन मागची बारीक अक्षरं वाचतात. झायलिटॉल हे नाव नसेल तर ९६७ हा आकडा शोधतात. आईची पर्स, जिच्यात मिंटची डबी असते, ती आता खुर्चीवर पडलेली नसते. दारामागच्या उंच खुंटीवर असते. मोत्याला यातलं काही ठाऊक नाही. जेवणाच्या वेळी तो बाबांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकतो, आणि बाबा पोळीचा तुकडा मोडून त्याच्यापुढे धरतात.